शेणाचा परिच्छेद

खारघरच्या एका क्लबात दर हिवाळ्यात मातीच्या कोर्टवर व्यावसायिक खेळाडूंची टेनिस स्पर्धा होते. मी एस. वाय. बी. ए.ला असताना त्या स्पर्धेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. क्लबच्या सेक्रेटरी सरांना स्मरणिका काढायची होती, म्हणून त्यांनी आमच्या कॉलेजकडे इतिहासाचा एक विद्यार्थी मागितला. मॅडमनी वर्गात विचारलं तेव्हा सगळे खाली बघू लागले. मीही खालीच बघत होते, पण मी पहिल्या बाकावर होते.

माझी आई त्याच क्लबात मैदानाच्या कामाला आहे, हे मी मॅडमना सांगितलं नाही. सरांनाही नाही. विषय निघाला नाही, असं मी मनाशी म्हणत होते. पण विषय मीच निघू देत नव्हते, हेही खरं आहे.

सरांनी दोन जाड फायली दिल्या. त्यात फोटो होते. पाहुणे समई लावताना, पाहुण्यांना शाल देताना, पाहुण्यांना रोप देताना. विजेता एकाच फोटोत सापडला, तोही पाहुण्यांच्या फेट्यामागे. त्याचं फक्त कपाळ दिसत होतं.

"सर, जिंकायचं कोण?"

"असेल गं त्यातच कुठेतरी," सर म्हणाले.

शेवटी घरी आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. तिला सगळं पाठ होतं, फक्त नावं सोडून.

"पहिल्या वर्षी तो उंच जिंकला, सारखा चड्डी वर वढणारा. दुसऱ्या वर्षी रडका."

"हरला म्हणून रडला?"

"जिंकला म्हणून. हरणारा त्याला समजावू लागलता."

मग तिने पहिल्या वर्षाची खरी गोष्ट सांगितली. फायनलच्या आदल्या दिवशी कोर्टला भेगा पडल्या. इंजिनिअर म्हणाला, पाणी मारा. मारलं, तर चिखल झाला. आई तेव्हा नुसती झाडायच्या कामावर होती. तिने विचारलं, साहेब, सारवू का? तिच्या गावाकडे, नांदेडला, अंगण असंच राखतात. जवळच्या तबेल्यातून शेण आणलं, लाल मातीत पातळ काला केला, आणि "आमी तिघी गुडघ्यावर बसलो," आई म्हणाली. "सकाळी आलेला खेळाडू चप्पल काढायलाय की काय, असं वाटलं मला. इतकं साफ."

तेव्हापासून दर वर्षी स्पर्धेआधी ते कोर्ट सारवलं जातं. क्लबच्या एकाही कागदावर याचा उल्लेख नाही.

"हे लिहायलीस ना? छापून येईल ना?" तिने विचारलं.

"येईल की."

दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीत सगळ्यांना कळलं होतं. भाजीवाल्या मावशींनी मला पान नंबर विचारला.

मी लेख नेऊन दिला. सरांनी तो उभ्याउभ्या वाचला.

"बेटा, छान लिहिलंयस. फक्त हा शेणाचा पॅरा काढू या."

"सर, पण कोर्ट त्याच्यामुळेच..."

"स्पॉन्सर वाचणार ना. त्यात एक दूधवाले आहेत."

"मग तर सर, गाय त्यांच्या ओळखीचीच..."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "'सेंद्रिय लेप' लिही. आणि 'एका महिला कर्मचाऱ्याने' नको, 'तांत्रिक चमूने' लिही. भारदस्त वाटतं."

मी "बरं सर" म्हणाले. मोठी माणसं बोलली की माझ्या तोंडून आधी 'बरं' निघतं आणि विचार मागून येतो. त्या दिवशी तो विचार घरी पोचेपर्यंत आला आणि मग जेवू देईना. आई प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं जुळवून वाचायला शिकली आहे. 'शेण' तिला नक्की वाचता आलं असतं. 'सेंद्रिय'पाशी ती अडली असती, आणि मलाच विचारलं असतं.

दोन दिवसांनी मी सुधारलेली पानं घेऊन क्लबात गेले, तर कोर्टवर एक परदेशी निरीक्षक उभे होते. स्पर्धेला मान्यता द्यायच्या फॉर्मवर त्यांना सही करायची होती. त्यांनी बुटाने माती दाबली, वाकून वास घेतला आणि विचारलं, वरचा थर कशाचा?

"ऑर्गॅनिक," सर म्हणाले.

म्हणजे नेमकं काय?

"व्हेरी ऑर्गॅनिक."

निरीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. नेमकं कळल्याशिवाय सही नाही. सर घामाघूम झाले. त्यांनी हे काम करणाऱ्या बाईला बोलावलं आणि मला म्हणाले, "तू इंग्लिशमध्ये सांग."

आई आली. हातात झाडू, डोक्याला रुमाल. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओळख न दाखवता म्हणाली, "विचारा, मॅडम."

माझ्या आईने मला मॅडम म्हटलं. माझी अडचण होऊ नये म्हणून.

"यात काय घालतात?" मी कसंबसं विचारलं.

"माती, विटंचा चुरा, आन शेण."

मला शेणाचा इंग्रजी शब्द येत होता, पण उच्चाराची खात्री नव्हती. "डंग," मी हळूच म्हणाले.

"डन?" निरीक्षक खूश झाले. "गुड!"

"नो सर. डंग."

"यस, यस, डन!"

"काय म्हणायलाय?" आईने विचारलं.

"झालं का म्हणतायत."

"झालं तर! वाळलं बी."

मी दोन बोटं डोक्याला लावून शिंगं केली आणि मागे हात नेऊन शेपटी हलवली. पुढचं दाखवायची वेळ आली नाही. निरीक्षक मोठ्याने हसले, फॉर्मवर लिहिलं, आणि पुढच्या रकान्यासाठी विचारलं, हे काम कोणाचं?

"माय मदर," मी म्हणाले.

"काय?" सर मराठीत ओरडले.

सही झाल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. "अगं, आधी बोलायचं! तुझी आई म्हटल्यावर घातलंच असतं ना."

"माझी आई म्हणून नको, सर. ते खरं आहे म्हणून घालायला हवं होतं."

एवढं लांब वाक्य मी सरांपुढे पहिल्यांदाच बोलले. सर म्हणाले, "तो शेणाचा पहिला कागद आहे का?"

दप्तरातच होता.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी दारातल्या टेबलावर स्मरणिकेचे गठ्ठे आले. आईने एक प्रत घेतली आणि ओळीखाली बोट धरलं. "शे-ण. हाय." बोट पुढे गेलं, मागे आलं.

"एका? एका महिलेनं?"

"हो, म्हणजे तू."

"आन ह्या दोघी?"

ह्या दोघी तिच्या मागेच उभ्या होत्या. "राहू दे गं, लेकराला काय म्हाईत," त्यातली एक म्हणाली, पण जागची हलली नाही.

आईने मला 'आमी तिघी' म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. लिहिताना मला फक्त माझी आई दिसली. मी पेन काढलं. 'एका' खोडून वर 'तीन' केलं, 'कर्मचाऱ्याने'चं 'कर्मचाऱ्यांनी' केलं. आईने ती प्रत बाजूला ठेवली आणि दुसरी पुढे सरकवली. मग तिसरी. त्या दोघी खाली बसून नेमकं पान उघडून द्यायला लागल्या.

तेवढ्यात सर पुष्पगुच्छ घेऊन आले. "हे काय चाललंय?"

"शुद्धिपत्र, सर."

"किती राहिल्यात?"

"लई हायत," आई म्हणाली. "तुमच्याकडं पेन हाय का?"