आचऱ्याच्या मासळीचा आकडा

गुरुदासवर माझा राग होता आणि आजही आहे. १९५५ पासून तो आचऱ्याच्या किनाऱ्यावर सरकारसाठी मासळीची नोंद करायचा. सरकारने त्याला एक छापील वही दिली होती आणि नावापुरता पगार. मी गावातल्या शाळेत मास्तर. वर्षअखेरचा तक्ता तो माझ्याकडून लिहून घ्यायचा आणि खाली सही ठोकायचा.

आमची मासेमारी रापणीची. होडीतून भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याची दोन्ही टोकं गावाने किनाऱ्यावरून ओढायची. दोराला हात लावील त्याला वाटा. ओढणाऱ्यांचे, होडीचे, जाळ्याचे, देवळाचे, एकट्यादुकट्या बायांचे असे वाटे वाळूतच पडत. उरलेल्या मासळीचा लिलाव होई आणि तेवढाच आकडा वहीत जाई. गाव जे खाई, सुकवी, धामापुराकडे भातावर बदलून घेई, ते सरकारच्या लेखी समुद्रातून आलंच नव्हतं. गुरुदासला हे चांगलं ठाऊक होतं. पण रापणीचा म्होरक्या महादू तांडेल त्याला दटावी, "सगळा लिवलंस तर उद्या कर बसतलो. गप लिलावाचो आकडो घाल." गुरुदास मान डोलवी. कुणाशी वाकडं घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

१९६३ साली कळलं की या किनाऱ्यावर सरकार बर्फाचा एक कारखाना देणार, आणि ज्या बंदराचं उत्पन्न जास्त त्यालाच. आमचे बांगडे दुपारपर्यंतही टिकत नसत. आम्हाला थांबता येणार नाही हे ओळखून व्यापारी भाव पाडी. बर्फ आला असता तर मासा तळेऱ्यावरून थेट कोल्हापूरपर्यंत गेला असता, आणि मुंबईच्या गिरण्यांत गेलेली निम्मी पोरं घरी राहिली असती. त्या पोरांचा घाम मुंबईच्या उत्पन्नात धरायचा आणि वर आमच्या जिल्ह्याला मागास म्हणायचं, याचा मला भारी संताप येतो.

त्या हंगामात गुरुदासने कंबर कसली. रोज पहाटेपासून वाळूत उभा. प्रत्येक वाट्याची टोपली त्याने मोजली. पेज घ्यायलाही घरी जाईना, म्हणून त्याची बायको सीता ती किनाऱ्यावर आणून देई. महादूही विरघळला होता. "लिव रे बाबा, सगळा लिव," म्हणे. वर्षाचा आकडा मागच्यापेक्षा साडेचारपट भरला.

तक्ता घेऊन आम्ही दोघे जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी जुने तक्ते मागवले.

"एका वर्षात मासे साडेचारपट झाले?"

"नाही साहेब, यंदा वाटेही धरले," गुरुदास म्हणाला.

"बाकीची बंदरं लिलावच धरतात. तुलना करायची तर सगळ्यांना एकच माप हवं."

"तिकडे रापण नाही साहेब. तिकडचा सगळा माल लिलावात जातो."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी आठ जुने तक्ते टेबलावर मांडले. "मग या आठ वर्षांत खोटं लिहिलंत, की आता लिहिताय?"

आठही तक्ते माझ्या अक्षरात होते आणि वाट्यांचं मलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेबांनी मागच्या आकड्यात दहावा हिस्सा वाढवून यंदाचा आकडा केला. कारखाना उत्तरेकडच्या एका बंदराला गेला.

पुढच्या ऑक्टोबरात रापणीला असा बांगडा लागला की दोर ओढायला शाळा सोडावी लागली. मीही ओढला. व्यापाऱ्याचा ट्रक आलाच नाही, त्याला बर्फाच्या बंदरावर माल मिळाला होता. घराघरांत खाऊन, सुकवून, वाटूनही ढीग हलेना. दुसऱ्या दिवशी वास सुटला, तसे बायकांनी माडांच्या आळ्यांत खड्डे काढले आणि बांगडे खत म्हणून पुरले. गुरुदास वही घेऊन उभा होता.

"आज किती लिवतलस?" महादूने विचारलं.

"लिलाव झालो नाय," गुरुदास म्हणाला.

इतका मासा त्या किनाऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता, आणि वहीत त्या तारखेपुढे शून्य आहे.