फाटक लावणाऱ्यासाठी थांबायचं

अर्विंगमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकाने दोन हजार तीनच्या ऑक्टोबरमध्ये आम्हाला घोड्यावरून चार दिवसांच्या सफरीला बोलावलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तीन तासांवर त्याच्या भावाचं गुराढोरांचं रँच होतं. शेजारपाजारचे वीसेक लोक दरवर्षी तिथून निघायचे आणि गवताळ माळरानातून या रँचवरून त्या रँचवर असे फिरत तंबूत मुक्काम करायचे. पण यंदाच आमची आठवण का व्हावी? एक मोठा क्लायंट नुकताच सोडून गेला होता. आमच्या प्रोजेक्टवर आम्ही दोघं होतो, आणि महिनाअखेर एकच राहणार हे उघड होतं.

दुसरा म्हणजे माझा जुना रूममेट. नागपूरचा, अजून सडाफटिंग. माझ्या बायकोला सातवा महिना लागलेला. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मग तशा अवस्थेतल्या बायकोला घेऊन चंबूगबाळं आवरायचं. मालकाला आमची परीक्षाच घ्यायची असणार, अशी माझी खात्री झाली.

आधी एक फॉर्म भरायचा होता. त्यात 'घोडेस्वारीचा अनुभव' असा रकाना होता. मी लिहिलं, 'भरपूर'. तसं ते खोटं नव्हतं. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही माथेरानला जायचो आणि मी रोज घोड्यावर बसायचो. लगाम घोडेवाल्याच्या हातात असायचा, एवढं बारीक लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. रूममेटने सरळ 'शून्य' लिहिलं. त्याला एक म्हातारी, शांत घोडी मिळाली. मला मिळाला उंच तांबडा घोडा, सतत कान मागे पाडणारा. लगाम हातात देताना मालक हसला, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

माळावर दर दोन-तीन मैलांवर कुंपण लागायचं, त्यात तारेचंच फाटक. तिथला रिवाज असा की एकाने उतरून फाटक उघडायचं, सगळे पार झाले की लावायचं, आणि तो परत घोड्यावर बसेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. नाहीतर त्याचा घोडा बाकीच्यांमागे धाव घेतो. पहिल्याच फाटकाला रूममेट उतरला. मालक त्याच्यापाशी थांबला आणि दोघं काहीतरी बोलले. पुढच्या फाटकाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. मी कान टवकारून बसायचो, पण त्या वाऱ्यात एक शब्द ऐकू येईल तर शपथ. एकदा तर दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. संपलं, म्हटलं. हा माझा पत्ता कापतोय.

दुपारी जेवायला थांबलो तेव्हा रूममेट स्वतःहून माझ्याजवळ आला. "टाच खाली दाब ना बे. आणि लगाम इतका टाइट नको धरू, पडशील यार."

"मला येतं. तू तुझं बघ," मी म्हणालो. मग राहवेना. "काय डिस्कशन चालतं रे तुमचं फाटकापाशी?"

"काही नाही बे. असंच. गवताबिवताचं."

गवताचं! दिवसभर जावात कोड लिहिणारा माणूस गवताबद्दल काय बोलणार? इथे नक्की पाणी मुरत होतं. आणि माझ्याकडेही एक गोष्ट होती. दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या जिन्यात त्याला सनीव्हेलच्या एका कंपनीशी नोकरीबद्दल फोनवर बोलताना मी ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक दिसताच मी आधी उतरलो. मांड्या इतक्या दुखत होत्या की पाय जमिनीवर टेकताना डोळ्यांत पाणी आलं. सगळे पार झाले, पन्नासेक पावलांवर जाऊन थांबले. मालक माझ्यापाशी राहिला. मी तारेची कडी खांबात अडकवायची खटपट करत म्हणालो, "तुम्हाला सांगू की नको ते कळत नव्हतं. पण तो दुसरीकडे इंटरव्ह्यू देतोय. सनीव्हेलला. त्याचं मन इथे नाही."



"मला माहीत आहे," मालक म्हणाला. "पहिल्याच फाटकाशी त्याने सांगितलं. तिथलं अजून काही पक्कं नाही. पण एकालाच ठेवायचं असेल तर तुला ठेवा म्हणाला, तुझ्या घरी बाळ येणार आहे म्हणून. तुला सांगू नका असंही म्हणाला. दोन दिवस मी त्याला नीट विचार कर म्हणून सांगतोय, पण तो ऐकत नाही." मग खांबाकडे बोट दाखवून म्हणाला, "कडी नीट बसली नाहीये."

मी कडी पुन्हा बसवली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. घोड्यावर चढायला गेलो तर तो गोल गोल फिरायला लागला, रिकिबीत पाय काही जाईना. पुढे सगळे थांबलेले. त्यातून रूममेट आपली घोडी वळवून मागे आला, उतरला आणि माझ्या घोड्याचा लगाम धरून उभा राहिला. मी कसाबसा चढलो. पुढे लाल चिखलाचा ओढा होता. घोडीवर बसूनही त्याने माझा लगाम सोडला नाही.

"माथेरानचा घोडेवाला समज मला," तो हसत म्हणाला. "भरपूर अनुभव म्हणे!"

मी ओढा पार होईपर्यंत मान वर केली नाही.

माझी नोकरी राहिली, त्याची गेली. सनीव्हेलचं पक्कं व्हायला बरेच आठवडे लागले, ते त्याने कसे काढले ते मी कधी विचारलं नाही. आमच्या मुलीच्या बारशाला त्याने तिकडून चांदीचे वाळे पाठवले. दर वाढदिवसाला त्याचा फोन येतो. "बोल घोडेस्वार, कसा आहेस?" असं म्हणूनच तो सुरुवात करतो. त्या फाटकापाशी मी काय बोललो ते मालकाने त्याला सांगितलं असेल का? मी कान टवकारून ऐकतो, 'घोडेस्वार' म्हणताना तो कुठे अडखळतो का. अजून तरी एकदाही अडखळलेला नाही. मग तो म्हणतो, "दे, तिला फोन दे," आणि मी देतो.