पंचविसाव्या गाठीचं ऑइल

कानिफनाथसारखा भित्रा माणूस टँकरवर ड्रायव्हर म्हणून कुणी ठेवला, असा प्रश्न हिवरदऱ्याच्या लोकांना त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात रोज पडायचा. टँकर मात्र रोज यायचा, त्यामुळे कुणी तो प्रश्न फार ताणत नसे. भिंगारजवळच्या विहिरीवर टाकी भरायची, फुफाट्यातून वीस मैल यायचं, गावच्या कोरड्या ठाक विहिरीत पाणी सोडायचं आणि परत फिरायचं. दिवसाला अशा दोन खेपा. गाडी लष्कराने मोडीत काढलेली, तिच्या पाठीवर टाकी बसवलेली. मैल दाखवणारा काटा मेलेला आणि ऑइलचा दाब दाखवणाराही मेलेला. गाडीत धड असं एक इंजिन होतं, आणि ते गेलं तर गावाला दुसरा टँकर नव्हता.

म्हणून कानिफनाथ गाडी सुरू करण्याआधी दरवेळी बॉनेट उघडायचा. ऑइलची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून पुन्हा ओढायची आणि उन्हाकडे धरून बघायची. बायका हंडे घेऊन उभ्या असायच्या आणि हसायच्या.

"नाथा, ताप हाय का रं गाडीला?" रखमाजीबाबा विचारायचे.

"हसा बाबा, हसा. बंद पडली म्हंजी कळंल," असं म्हणून तो पुन्हा एकदा पट्टी बघायचा.

मैलाचा काटा नसल्यामुळे त्याने स्टिअरिंगजवळ एक सुतळी टांगली होती. एक खेप झाली की एक गाठ. पंचवीस गाठी झाल्या की गावातच गाडीखाली शिरून इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सोडायचा, काळं ऑइल घमेल्यात काढायचं, नट आवळायचा आणि डब्यातलं नवं ऑइल ओतायचं. घमेल्यातलं काळं ऑइल रखमाजीबाबांच्या बैलगाडीच्या आखाला वंगण म्हणून जायचं. विहिरीतलं पाणी पिंपात भरून लांबच्या वस्त्यांवर पोचवणारी ती एकच बैलगाडी होती. पुढे पुढे तर कानिफनाथ घाईत असला की बाबा स्वतःच पाना घेऊन खाली सरपटायचे आणि नट सोडून द्यायचे. सुतळीच्या गाठी सगळं गाव मोजायचं.

पंचवीसच का, हे मात्र त्याने गावात कुणाला सांगितलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी तो आप्पासाहेब नावाच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर होता. कांद्याचा माल भरून घाट चढायचा. आप्पासाहेबांचा शिरस्ता असा, की ऑइल वर्षातून दोनदा बदलायचं, पाडव्याला आणि दसऱ्याला. त्या दिवशी गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि ऑइल बदलायचं. मधल्या काळात कमी पडेल तेवढं वरून ओतायचं. बैलगाडीला वंगण घालतात, जुनं काढून टाकत नाहीत, मग हिचे कसले एवढे लाड, असं त्यांचं म्हणणं. शिकलेला शहाणा माणूस, पण गाडीच्या पोटात काय चाललंय याचा पत्ता नाही. कानिफनाथही मान डोलवायचा.

भाद्रपदात, दसरा महिनाभरावर असताना, घाटात इंजिनमधून टक टक आवाज यायला लागला. वळणापाशी इंजिन जाम होऊन जागच्या जागी बंद पडलं. ब्रेक जुने, लोड भारी, ट्रक मागे सरायला लागला. क्लीनर बन्सी चाकाखाली दगड लावायला धावला. दगड लागला, ट्रक थांबला, पण त्याच्या आधी बन्सीचा पाय चाकाखाली गेला होता. बन्सी आता भिंगारच्या बाजारात पोती शिवत बसतो. कानिफनाथ त्या गल्लीतून जात नाही. जायची छातीच होत नाही त्याची.

त्या दिवसापासून त्याच्या मनात ती टक टक बसली होती. घरी बायको, मुक्ताबाई, अडकित्त्याने सुपारी कातरायला लागली, तरी तो दचकून उठायचा.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये पुन्हा पंचविसावी गाठ पडली आणि नवं ऑइल आलंच नाही. टँकरवर देखरेख करणारे ओव्हरसियर राधाकृष्ण चष्मा पुसत म्हणाले, "कानिफनाथ, पुस्तकात दोन हजार मैल लिहिलंय. म्हणजे तुमच्या पन्नास खेपा. तुम्ही पंचवीसलाच मागता. ऑइल पिता की काय?"

"साहेब, पुस्तक लिवनाऱ्यानं हा फुफाटा खाल्ला न्हाई. धूळ आत जाती, ऑइलचा चिखल व्हतो."

"आठ-दहा दिवसांत येईल. तोवर चालवा."

चालवा, म्हणायला काय जातं! सव्विसावी गाठ कानिफनाथने नाइलाजाने मारली. तिसाव्या गाठीला पट्टीवरचं ऑइल डांबरासारखं दिसलं. पस्तिसाव्या गाठीला त्याने ते बोटांत चोळलं तर कचकच लागली. चढावर तो श्वास धरून बसायचा. वाऱ्याने पत्रा वाजला तरी गाडी थांबवून ऐकायचा. जेवण तुटलं, झोप तुटली. चाळिसावी गाठ मारली तेव्हा त्याला पट्टी ओढायचीच भीती वाटायला लागली. बघून करायचं काय? वाईटच दिसणार.

एक्केचाळिसाव्या खेपेला दुपारी पाणी विहिरीत सोडून तो मारुतीच्या देवळात पाठ टेकायला गेला. रखमाजीबाबांच्या बायकोने, गोजरबाईने, आपल्या वाट्यातलं पाणी त्याच्या डब्यात भरून दिलं होतं, ते त्याने सीटवर ठेवलं. डबा ऑइलचाच, रिकामा झालेला, घासून घेतलेला. पडल्या पडल्या त्याचा डोळा लागला.

उठला तेव्हा उन्हं कलली होती आणि दुसऱ्या खेपेला उशीर झाला होता. तो घाईने बॉनेटपाशी गेला, कडीला हात घातला आणि थांबला. पट्टीवरचा तो काळा चिखल डोळ्यांसमोर आला. नको, म्हणाला मनाशी. भिंगारला जाऊन बघू. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने पट्टी न बघता गाडी सुरू केली.

गावाबाहेर मैलभर गेला असेल नसेल, आणि तो आवाज आला.

टक. टक. टक टक टक.

कानिफनाथने तो लगेच ओळखला. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी होती तिथे उभी केली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. आपला पाय शाबूत आहे की नाही, हे त्याने खरोखर खाली वाकून बघितलं. मग बॉनेट उघडलं, पट्टी ओढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली.

पट्टी कोरडी होती.

तो गाडीखाली शिरला. नट पडला असेल असं वाटलं होतं, पण नट जागेवर होता, घट्ट आवळलेला. त्याच्याभोवती ओलं काळं ऑइल आणि त्यात बोटांचे ठसे. कुणीतरी मुद्दाम काढलं! आता गावाला पाणी कुठून येणार? हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या त्या बायका, ती पोरं. रस्त्याच्या कडेला बसून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान पोरासारखा रडला.

बैलगाडीचा आवाज त्याला आलाच नाही. चाकं मुळीच कुरकुरत नव्हती. वर बघितलं तर रखमाजीबाबा बैल पिटाळत येत होते आणि मागे गोजरबाई मांडीवर घमेलं घट्ट धरून बसली होती. गचक्यांनी ऑइल हिंदकळून तिचं लुगडं काळंकुट्ट झालं होतं.

"नाथा, चालू करू नगंस!" बाबा लांबूनच ओरडले. खाली उतरून ते थेट त्याच्यापाशी आले. "म्या काढलं रं. चाळीसच्या वर गाठी झाल्या हुत्या. सीटवर डबा दिसला. म्हनलं, नवं ऑइल आलं, तू दमून झोपलायस, तुजं काम हलकं करावं. वंगनाची नड हुतीच. काढून न्हेलं."

"त्या डब्यात पानी हुतं, बाबा."

"ही म्हनली तवा कळलं. 'अवो, तो डबा तर मीच पान्यानं भरून दिला,' म्हनली. आन् तेवढ्यात तुजी गाडी गेल्याचा आवाज आला." गरम ऑइलने त्यांच्या उजव्या हाताची बोटं भाजून फोड आले होते.

कानिफनाथला संताप यायला हवा होता. आला नाही. घमेल्यातलं ते काळं, कचकचणारं ऑइल, ज्याची पंधरा गाठी त्याने धास्ती घेतली होती, तेच आता त्याला तुपासारखं वाटलं. गोजरबाईने पदराची स्वच्छ कड टरकन फाडून दिली. त्याने ऑइल एकदा गाळलं, दुसऱ्यांदा गाळलं, आणि वाळूचा एक कण दिसला म्हणून तिसऱ्यांदा गाळलं. मग धार धरून चेंबरमध्ये सोडलं. थोडं आखाला लागलं होतं, थोडं वाटेत सांडलं होतं. पट्टीच्या खालच्या खुणेला जेमतेम टेकलं.

"चालू व्हईल का रं?" गोजरबाईने विचारलं.

"ठावं न्हाई."

त्याने हँडल फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. टक टक गेली नव्हती, पण बारीक झाली होती. रिकामी गाडी सायकलच्या चालीने नेत तो दिवे लागायच्या सुमारास भिंगारला पोचला. वाटभर त्याने दुसरं काही ऐकलं नाही.

वाटेत त्याच्या पुढे निघून गेलेल्या एसटीतून बातमी आधीच पोचली होती; राधाकृष्ण साहेब कागद पेन घेऊन बसलेलेच होते. "गावच्या कुणीतरी ऑइल काढलं म्हणे. नाव सांगा. सरकारी टँकर आहे, फौजदाराकडे जाईल."

कानिफनाथला फौजदाराची भीती होती, साहेबांची होती, नोकरीची तर होतीच.

"साहेब, म्या पट्टी बघितली न्हाई. एवढंच लिवा," तो म्हणाला. "चूक माजी हाय. आन् ऑइल द्या. आत्ता द्या, न्हाईतर उद्याची खेप मी नेनार न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. मेमो मिळाला. कुठून कोण जाणे, सकाळी ऑइलही मिळालं.

ती बारीक टक टक शेवटपर्यंत राहिली आणि कानिफनाथची भीतीही राहिली. नव्या सुतळीला पंचवीस गाठी झाल्या तेव्हा त्याने हिवरदऱ्यात काळं ऑइल काढलं आणि रखमाजीबाबांची वाट बघत बसला. बाबा आलेच नाहीत. लाजेने त्यांनी ते ऑइल घ्यायचं सोडून दिलं होतं. पाण्याचं पिंप लादून त्यांची गाडी देवळामागून, लांबच्या वाटेने निघाली होती. कोरडा आख चढाला कण्हत होता, लोखंडावर लोखंड घासत होतं.

कानिफनाथला तो आवाज ऐकवेना. घमेलं उचलून तो धावत गेला आणि बैलांच्या पुढे उभा राहिला.

"चाक काढा, बाबा," तो म्हणाला आणि बाही सारून खाली बसला.