बाहेरून शाळेचा, आतून तन्मयचा

प्रिन्सिपल मॅडमनी कपाट उघडलं, प्लास्टिकच्या पिशवीतला एक शर्ट काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"हा ओळखता ना, मिसेस घाडी?"

ओळखणारच. तो मीच शिवला होता. कॉलरच्या बटणाला दोरा, दोऱ्याला पुठ्ठ्याचं लेबल, लेबलवर त्यांची सही आणि माझी सही. आमच्या धंद्यात याला सील्ड सॅम्पल म्हणतात. युनिफॉर्मची ऑर्डर पक्की झाली की एक नमुना दोघांच्या सहीने शाळेत बंद करून ठेवायचा. पुढे मालाबद्दल वाद झाला तर तो बाहेर काढायचा आणि माल त्याच्या शेजारी मांडायचा. जुळला तर पास, नाही जुळला तर परत.

"तुमची स्वतःची सही आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमचाच मुलगा हा शर्ट वर्गात काढून टाकतो. रोज. तिसऱ्या तासाला."

मी दहिसरला शाळांचे युनिफॉर्म बनवते. एका शिलाई मशीनवर सुरू केलं, आता गाळ्यात अकरा मशीन आहेत. बोरिवलीची ही शाळा माझी मोठी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक. आणि तन्मय, माझा आठ वर्षांचा मुलगा, त्याच शाळेत तिसरीत. त्याला ऑटिझम आहे. बोलतो कमी आणि अंगाला सगळं फार लागतं. आपल्याला शिवण म्हणजे शिवण. त्याला ती पाठीवर दिवसभर सरकणारी काडी. दुसरीपर्यंत शाळेत टी-शर्ट चालायचा. तिसरीपासून कॉलरचा शर्ट, खिशावर बिल्ला.

"मॅडम, त्याच रंगाचा सुती टी-शर्ट घालू दे त्याला. मी शिवते. लांबून कळणारही नाही."

"एकाला परवानगी दिली की उद्या चाळीस पालक रांगेत उभे राहतील."

"चाळीस जणांना ऑटिझम आहे का?"

"आवाज खाली ठेवा."

"माझा आवाज असाच आहे. अकरा मशीनमध्ये वाढलाय."

"हे बघा, आमच्याकडे स्पेशल एज्युकेटर नाही. बाकीच्या मुलांचं लक्ष जातं. गणपतीपर्यंत युनिफॉर्मचं काय ते करा. नाहीतर त्याच्यासाठी दुसरी शाळा बघा."

मी टेबलावर हात आपटला. पेनस्टँड पडला. त्याने माझंच नुकसान झालं, कारण त्यानंतर त्या फक्त पेनं गोळा करत राहिल्या.

घरी नवरा म्हणाला, "तू बोलायला जातेस की भांडायला?"

"दोन्ही एकदम होतं."

"मग पुढच्या वेळी मी जातो."

"तू जाशील आणि सॉरी म्हणून येशील."

नितीन एअरपोर्टच्या कार्गोत आहे. माणसांपेक्षा खोक्यांशी बोलायची सवय.

राग मॅडमचा होताच. पण घरी येताना रिक्षात मला जे आठवत होतं ते वेगळं होतं. तो नमुना पास करून घेताना मीच त्यांना म्हटलं होतं, "कॉलर कडक ठेवू या. पालकांना आवडते. मूल शिस्तीचं दिसतं." कापडही मीच गळ्यात मारलं. टेरीकॉट, चौकडीचं. चुरगळत नाही, इस्त्री मागत नाही, तीन वर्षं रंग सोडत नाही. घालणाऱ्याला कसं वाटतं हे कापडाच्या कॅटलॉगमध्ये कुठे लिहिलेलं नसतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तन्मयला गाळ्यावर आणलं.

तो महिना मला अजून स्वप्नासारखा आठवतो. गाळ्याच्या मागच्या भिंतीला उंच खिडक्या आहेत. दुपारी साडेतीनला त्यांतून ऊन तिरकं आत येतं आणि हवेत उडणारे कापडाचे तंतू दिसायला लागतात. एरवी ते माझ्या खोकल्याचं कारण. तन्मय त्यांच्याखाली मान वर करून उभा राहायचा. तंतू खाली येत, मशीनच्या वाऱ्याने परत वर जात. तो त्यांच्याबरोबर हळूहळू डोलायचा. अकरा मशीनची घरघर चालू असायची, आणि घरात मिक्सर लावला की कान झाकणारा हा मुलगा त्या आवाजात पाण्यात उतरल्यासारखा शांत व्हायचा. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग तो ताग्यांकडे जायचा. मांडणीवर कापडाचे तागे आडवे रचलेले. तळहात नाही, हाताची मागची बाजू लावायचा. एक तागा, दुसरा, तिसरा. टेरीकॉटशी पोचला की हात झटकायचा. पुढे जायचा. डोळे बंद. मी काम सोडून बघत बसायचे. वीस वर्षं मी कापड बोटांत चोळून भाव केलेत. पण कापडावरून असं चालत जाता येतं हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी तो खालच्या फळीवर थांबला. तिथे मलमलचा एक जुना तुकडा होता. आम्ही त्याने तयार माल झाकतो. पन्नास वेळा धुतलेला, जवळजवळ पारदर्शक. त्याने तो ओढला, कटिंग टेबलवर चढला, आडवा झाला आणि तोंडावरून पायापर्यंत पांघरून घेतला. त्याच्या श्वासाने कापड वर-खाली होत होतं. उन्हात आतला चेहरा दिसत होता. हसत होता.

परब मास्टर, आमचे कटर, हातातली कात्री तशीच धरून उभे राहिले. त्यांचा अर्धा माल त्या टेबलवर पसरलेला.

"मास्टर, उठवू का त्याला?"

"ऱ्हव दे, वयनी. ह्या पोराक कापड कळता. माका शिकाक तीस वर्सा लागली."

तिथे मला रस्ता दिसला. बाहेरून शाळेचा शर्ट, आतून पूर्ण मलमल. दोन शर्ट एकात एक. सगळ्या शिवणींच्या कडा दोन थरांच्या मध्ये बंद, अंगाला एकही लागायची नाही. बिल्ल्याच्या पाठीमागे भरतकामाचे दोरे टोचतात, त्यांच्यावरही मलमल. लेबल नाही. कॉलरमध्ये आम्ही बकरम घालतो, म्हणजे कडकपणासाठी पुठ्ठ्यासारखं कापड. ते काढून धुतलेल्या सुती कापडाच्या चार घड्या.

पहिला शर्ट त्याने दहा मिनिटं घातला. बगलेत जाड झाला होता. दुसरा अर्धा तास. तिसऱ्याची कॉलर कुत्र्याच्या कानासारखी खाली पडली. मास्टर म्हणाले, कॉलर उभी राहिली नाही तर प्रिन्सिपल बाई लगेच पकडतील. मग मी तसल्या कॉलरचा ब्लाऊज शिवून स्वतः दोन दिवस घातला. मान वळवली की कुठे लागतं ते खडूने खूण करून ठेवायचे. मशीनवरच्या बायका हसायच्या, "मॅडम, शाळेत जाणार काय?" मी म्हटलं, जातेच आहे.

सहावा शर्ट त्याने घातला आणि काढलाच नाही. त्यातच जेवला, त्यातच झोपला. सकाळी मी गादीजवळ बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेरचं टेरीकॉट माझ्या हाताला खरखरीत लागलं. तो त्याच्या आत होता, जिथे ते पोचत नव्हतं.

गणपतीच्या आधी मी मॅडमसमोर त्याला उभं केलं. त्यांनी सील्ड सॅम्पल काढलं. चौकडी बघितली, बटणं मोजली, कॉलर बघितली, बिल्ला बघितला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण युनिफॉर्म हा एकच प्रश्न नाही. प्रार्थनेला तो रांगेत उभा राहत नाही."

"मागच्या वेळी रांगेचं बोलला नव्हतात."

"आता बोलतेय."

यावेळी मी हात आपटला नाही. मी पार्टीशी बोलते तशी बोलले.

"मॅडम, आमच्यात माल परत करायचा तर पार्टी लेखी कारण देते. तोंडी चालत नाही. तुम्ही तन्मयला नाही म्हणताय ना? मग लेटरहेडवर लिहून द्या. ऑटिझम असल्यामुळे या मुलाला ठेवू शकत नाही. खाली सही, शिक्का. मी कुठे न्यायचं ते बघते."

कायद्याने असं लिहून देता येत नाही हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं; एका वकीलबाईंचे कोर्टातले काळे डगले मी शिवते, त्यांच्याकडून आधीच विचारून आले होते. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"नाही कोण म्हणतंय? बसू दे त्याला वर्गात."

पायऱ्या उतरताना मी हवेत होते. वीस वर्षांत असा सौदा जमला नव्हता. नितीनला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "झकास. पण शिकवणार काय त्याला?" मी म्हटलं, तू मोडता घालू नको.

पुढचे महिने छान गेले. तन्मय शर्ट काढत नव्हता. तक्रारीचे फोन बंद. क्लासटीचरला विचारलं की "सेटल होतोय" एवढं उत्तर. वह्या मागितल्या तर "शाळेतच ठेवतो आम्ही, हरवतात." मला बरंच वाटलं. रोज संध्याकाळी मी शर्ट उलटा करून उजेडात धरायचे. कुठे मलमल विरली, कुठे टाका उसवला. एक दोरा लोंबलेला दिसला तर रात्रीचं जेवण थांबवून दुरुस्त करायचे.

डिसेंबरात स्पोर्ट्स डेचे टी-शर्ट पोचवायला मी स्वतः शाळेत गेले. खाली मैदानात ड्रिल चालू होतं, ढोल वाजत होता. स्टोअर दुसऱ्या मजल्यावर. वाटेत तिसरीचा वर्ग.

वर्ग रिकामा होता. कोपऱ्यात एक बाक भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आणि त्यावर तन्मय. सगळी बटणं लावलेली. कॉलर ताठ. हात बाकावर. समोर भिंतीवर उन्हाचा एक चौकोन पडला होता आणि तो त्याच्याकडे बघत बसला होता. मी दारात उभी राहिले. चौकोन थोडा सरकला. त्याची मान तेवढीच सरकली.

दाराशी स्टुलावर शाळेच्या मावशी बसल्या होत्या.

"तो ड्रिलला का नाही?"

"त्याला कशाला? तो हितंच असतो. लई शांत पोर. काय तरास नाय."

"बाक असा का?"

"आधीपास्नं असाच हाय. गणपती झाले तवापास्नं."

मी त्याच्या दप्तराशेजारची वही उघडली. पहिल्या पानावर तारीख. दुसऱ्यावर तारीख. मावशींचं अक्षर असावं. शेवटपर्यंत तारखाच होत्या.

टी-शर्टचं गाठोडं तिथेच ठेवून मी ऑफिसात गेले. तयारी करून गेले नव्हते. मॅडमनी वर बघितलं आणि मी बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मिसेस घाडी, तुम्हीच म्हणालात, वर्गात बसवा. बसवलाय."

खरं होतं, मी तेवढंच मागितलं होतं. शर्ट जुळवला, तोही त्यांच्या नमुन्याशी. जागा मागितली, ती मिळाली. शिकवा असं त्या सगळ्या घासाघिशीत मी एकदाही म्हटलं नव्हतं. ते शाळेत आपोआप येतं असं मी धरून चालले होते.

त्या आठवड्यात मी दाखला काढला. तन्मय आता दहिसरला नदीपलीकडे एका छोट्या मराठी शाळेत जातो. एका वर्गात बावीस मुलं. पहिल्या दिवशी मी तिथल्या बाईंना युनिफॉर्मबद्दल सगळं समजावायला लागले. मलमल, शिवणी, कॉलर. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं.

"निळा असला म्हणजे झालं हो. मला हे सांगा, त्याला बेरीज कुठपर्यंत येते?"

मला सांगता आलं नाही. बाईंनी त्याच्यापुढे चिंचोक्यांचा डबा ठेवला आणि स्वतः जमिनीवर बसल्या. तो एकेक चिंचोका हाताच्या मागच्या बाजूवर ठेवून बघत होता. बाई घाई करत नव्हत्या. सातव्या चिंचोक्याला तो "सात" म्हणाला. वर्षाच्या शेवटी वजाबाकी आली. हातच्याची अजून येत नाही.

बोरिवलीची शाळा दर एप्रिलमध्ये ऑर्डरसाठी फोन करते. मी उचलते, संपूर्ण ऐकून घेते, कॉलर कशी हवी तेही विचारते, आणि मग सांगते की गाळा फुल आहे. यात शहाणपणा नाही हे मला कळतं. तरी मी ते दरवर्षी करणार आहे.

तन्मयसारख्या मुलांच्या नव्या पालकांना मात्र मी एकच सांगते. घासाघीस करण्याआधी समोरच्याच्या दुकानात आपल्याला हवा तो माल आहे का, ते आत जाऊन बघा. मी सहा महिने उत्तम सौदा केला. त्या दुकानात ती वस्तूच नव्हती.