चार इंची तुकडे

१२ जून २०२३ रोजी शामकांत टोकेकर यांनी नगरच्या कापड बाजारातून कापड कापायची दहा इंची कात्री आणली. किंमत ४८५ रुपये. घरी आल्यावर पावती त्यांनी तारखेप्रमाणे फाईलला लावली. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी एकतीस वर्षे काढली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी पावतीशिवाय वस्तू घरात आली की त्यांना चैन पडत नसे.

सरोजिनीबाईंनी कात्री हातात घेऊन पाहिली. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती, कात्रीच्या कड्यात ती शिरेनात.

"घरात दोन कात्र्या आहेत. ही तिसरी कुणाची मुंज करायला?"

"सुहासचे शर्ट कापायचेत," शामकांतराव म्हणाले.

बाईंनी कात्री खाली ठेवली.

सुहास त्यांचा एकुलता एक मुलगा. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो चौतिसाव्या वर्षी गेला. तेव्हा त्याचा मुलगा अनीश वीस महिन्यांचा होता. दिवस झाल्यावर गेलेल्या माणसाचे कपडे कुणाला तरी देऊन टाकतात. पण त्या दिवसांत कोरोनाने गेलेल्याचे कपडे घ्यायला कुणी धजेना. कामवाल्या बाईंनी लांबूनच हात जोडले. कपडे कपाटात राहिले ते राहिलेच. पुढे बाकीचे गेले, चौदा शर्ट तेवढे उरले.

सून मैत्रेयी दोन वर्षे याच घरात राहिली. तिचे दुसरे लग्न व्हावे म्हणून शामकांतरावांनीच चार ठिकाणी शब्द टाकला. संगमनेरचा आदिनाथ, औषधांचे दुकान असलेला, घटस्फोट झालेला, स्वभावाने शांत, हे स्थळ त्यांनीच पारखून घेतले. मे २०२३ मध्ये लग्न झाले आणि अनीश आईबरोबर संगमनेरला गेला. महिन्याभरात तो आदिनाथला बाबा म्हणू लागला. मुलगा जाणता झाला की त्याला खरे काय ते सांगायचे, तोपर्यंत विषय काढायचा नाही, असे सर्वानुमते ठरले होते. शामकांतरावांनीही मान डोलावली होती.

मान डोलावली खरी, पण त्यांच्या मनाने ते घेतले नव्हते. आपल्या मुलाची एकही खूण नातवाजवळ असू नये, हे त्यांना सोसवत नव्हते. फोटो पाठवता येत नव्हता, नाव घेता येत नव्हते. मग त्यांना गोधडी सुचली. ठिगळांची लहान गोधडी, मुलाला अंगावर घेता येईल एवढी. आजोबांनी वाढदिवसाला गोधडी पाठवली तर त्यात कोण काय काढणार?

"गेलेल्याचे कपडे लहान मुलाच्या अंगावर घालत नाहीत," त्या दिवशी संध्याकाळी सरोजिनीबाई म्हणाल्या.

"शर्ट कुठे घालतोय? चार-चार इंचांचे तुकडे आहेत."

"तुकडे केल्याने शर्ट दुसऱ्याचा होतो का?"

"कुणाच्या ध्यानात येणार नाही, अशी व्यवस्था करतो."

आणि त्यांनी व्यवस्था केली. स्टोअरमध्ये त्यांची एक पद्धत होती. माल थोडा थोडा कापायचा नाही, एका बैठकीत सगळा कापून, मोजून, पिशव्यांत भरून ठेवायचा, म्हणजे पुढे घोटाळा होत नाही. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा चार इंची चौकोन त्यांनी साचा म्हणून घेतला आणि चार दिवसांत चौदाही शर्ट कापले. एका शर्टाचे सत्तर तुकडे बसत होते. एका पिशवीत प्रत्येक शर्टाचे पाच, असे सत्तर तुकडे. अशा चौदा पिशव्या. कोपऱ्यावरच्या बन्सी टेलरकडून त्यांनी पोतेभर चिंध्या आणल्या आणि प्रत्येक पिशवीत त्यांचेही सत्तर तुकडे मिसळले. कुठलाही शर्ट एका जागी दिसू नये, हा हिशेब. चौथ्या वाढदिवसापासून सतराव्यापर्यंत दर वर्षी एक, म्हणजे चौदा गोधड्या. पिशव्यांवर त्यांनी वर्षांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कॉलर, कफ, खिसे, बटणपट्ट्या कामाच्या नव्हत्या. त्या त्यांनी सायकलवाल्याला हात पुसायला देऊन टाकल्या.

शिवण त्यांना येत नव्हते. सरोजिनीबाईंना येत होते, पण हात चालत नव्हते. त्या खुर्चीवर बसून सांगत, हे खाली बसून मशीनवर तुकडे जोडत आणि थरांना हाताने धावदोरा घालत.

"धावदोरा म्हणजे दोरा धावला पाहिजे, तुमचा लंगडतोय."

"पहिलीच आहे."

"सुहासची पहिली चड्डी मी याच मशीनवर शिवली होती. तुम्ही असतात तर पोर नागडंच हिंडलं असतं."

दोघांनाही हसू आले.

मधल्या थराला बाईंनी स्वतःचे जुने सुती पातळ दिले. पहिली गोधडी ऑगस्टमध्ये संगमनेरला गेली. अनीशला ती इतकी आवडली की तिच्यावाचून तो झोपेना. मोजायला तो त्या चौकोनांवरच शिकला. व्हिडिओ कॉलवर गोधडी कॅमेऱ्यासमोर धरून तो म्हणाला, "आजोबा, हा निळा माझा. बाकीचे सगळ्यांचे, पण हा माझा."

तो निळा तुकडा सुहासच्या कंपनीच्या गणवेशाचा होता. फोन ठेवल्यावर शामकांतराव अर्धा तास गच्चीत फेऱ्या मारत होते. खाली आले ते दोन वेळा चहा मागत आले. गेल्या दोन वर्षांत सरोजिनीबाईंनी त्यांना असे पाहिले नव्हते. बाईंचा विरोध त्या दिवसापासून मावळला. पुढच्या वर्षी दुसरी गोधडी गेली, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी. तिसरीचे टाके इतके सरळ आले होते की बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

७ डिसेंबर २०२५, रविवार. मैत्रेयी एका मैत्रिणीकडच्या लग्नासाठी नगरला आली होती. दुपारी ती एकटीच सावेडीला टोकेकरांच्या घरी आली. हातात मोठी पिशवी होती. पाणी प्याली, सरोजिनीबाईंच्या बोटांना तेल लावून दिले, आदिनाथचे दुकान, अनीशची शाळा, सगळे सांगून झाले. मग तिने पिशवीतून तिन्ही गोधड्या काढून दिवाणावर ठेवल्या. धुतलेल्या, नीट घडी घातलेल्या.

"उसवल्या का कुठे?" शामकांतरावांनी विचारले.

"नाही, बाबा. टाका न टाका जागेवर आहे." तिने वरच्या गोधडीवरून हात फिरवला. "मी पहिल्याच दिवशी ओळखल्या होत्या."

शामकांतराव घडीकडे बघत राहिले.

"पांढरा-चॉकलेटी चौकटीचा आहे ना, त्याची बाही मीच रफू केली होती. नेमका तो तुकडा पहिल्याच गोधडीत वरच्या रांगेत आहे. मला वाटलं, बाबांनी मन रमवायला केलंय, राहू दे. अनीश खूश होता. तिथे कुणाला काही माहीत नाही. सासूबाईंना तर इतक्या आवडल्या की नणंदेच्या बाळासाठी एक मागून घे म्हणून त्या मागे लागल्यात."

"मग अडचण काय झाली?" बाईंनी विचारले.

"मागच्या आठवड्यात थंडी होती. सासूबाईंनी यातली एक आदिनाथच्या अंगावर टाकली. तो बिचारा झोपला होता, त्याला काय माहीत. मी दारातून पाहिलं आणि मला त्या खोलीत जाता येईना. अनीशजवळ जाऊन झोपले, तर तिथेही तेच." तिने पदराने नाक पुसले. "बाबा, मला त्या घरात राहायचंय. चांगली माणसं आहेत. मला नीट राहायचंय तिथे."

 मग ती पुढे बोलली तेव्हा तिचा आवाज हलका झाला होता.

"अनीशला मी सगळं सांगणार आहे. आदिनाथही तयार आहे. अठरा वर्षांचा झाला की सांगायचं आणि त्याच्या बाबांचा एक शर्ट त्याच्या हातात द्यायचा. अख्खा. तो अंगात घालून आरशात बघेल. मला एक शर्ट द्या. तो चौकटीचाच द्या. एक बाही कापली असेल, तेवढी मी लावून घेईन. मी जपून ठेवीन."

सरोजिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले नाही. शामकांतरावांनी घसा साफ केला.

"बघतो," ते म्हणाले. "वरच्या कपाटात असेल."

संगमनेरच्या गाडीत ती बसली तेव्हाही ते "शोधून ठेवतो" असेच म्हणाले.

घरी येऊन त्यांनी अकराही पिशव्या काढल्या. जमिनीवर चादर अंथरून पांढरे-चॉकलेटी तुकडे वेगळे केले. पंचावन्न भरले. उरलेले पंधरा तुकडे तीन गोधड्यांत होते. मग त्यांनी गोधड्या उसवायला घेतल्या. तीन वर्षांचे टाके उसवायला त्यांना आठ दिवस लागले. सत्तर तुकडे पुरे झाले. रेघा जुळवत ते ओळीने मांडले. पाठीचे तुकडे पाठीला, बाहीचे बाहीला. पण खांद्याचा उतार, बगलेची गोलाई, जे काही साच्यात बसले नव्हते ते सगळे कात्रीखाली गेले होते. कॉलर तर कधीच काळ्या वंगणात बुडून फेकली गेली असणार. तरी ते सायकलवाल्याकडे जाऊन आले. अडीच वर्षांपूर्वीच्या बोळ्यांबद्दल विचारणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. 

"एक ठेवला असता," सरोजिनीबाई एवढेच म्हणाल्या.

"सगळा माल एकदम कापायचा असतो," शामकांतराव सवयीने बोलून गेले. मग तेच शब्द कानावर आल्यासारखे थांबले आणि तुकडे गोळा करू लागले.

जानेवारीत एक तुकडा खिशात घालून त्यांनी कापड बाजार पालथा घातला. सहाव्या दुकानात साधारण तसे कापड मिळाले. चौकट किंचित मोठी होती. ते घेऊन ते बन्सीकडे गेले. सुहासचे दोन-तीन शर्ट बन्सीने शिवले होते आणि त्याच्या जुन्या वहीत मापे होती.

"साहेब, हे माप तर आपल्या सुहासदादाचं हाय," वही चाचपत बन्सी म्हणाला.

"त्याच मापाचा शीव."

"व्हय. पर कुनासाठी?"

"शीव तू."

बन्सीने माप उतरवून घेतले. शिलाई चारशे पन्नास सांगितली.

शर्ट आला. शामकांतरावांनी तो सोडा घालून सहा वेळा धुतला, कडक उन्हात वाळवला, कॉलर दगडावर घासली. रंग थोडा उतरला. सातव्या वेळी बादलीत घालताना सरोजिनीबाई न्हाणीघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाला फसवताय? पोराला की तिला?"

"त्याला काय कळणार आहे? घालून बघेल, बरोबर येईल. माप त्याच्या बापाचंच आहे."

"तिला कळेल. चार इंचांवरून जिने ओळखलं, ती हे ओळखणार नाही?"

शामकांतरावांनी नळ बंद केला.  मग शर्ट पिळून दोरीवर टाकला आणि वाळल्यावर घडी करून ट्रंकेत, पिशव्यांच्या शेजारी ठेवला. तो संगमनेरला पाठवायचा नाही, हे त्यांनी बोलून दाखवले नाही, पण बाईंना ते कळले.

फेब्रुवारीत त्यांनी केवळ बन्सीच्या चिंध्यांची एक गोधडी शिवून पाठवली. आईने अनीशला गोधड्या दुरुस्तीला दिल्याचे सांगितले होते. गोधडी मिळाली त्या दिवशी त्याचा फोन आला.

"आजोबा, यात माझा निळा कुठाय?"

"तो फाटला होता रे."

"मग शिवायचा ना."

"शिवता आला नाही," शामकांतराव म्हणाले.

अनीशने बरं म्हटले आणि फोन आईकडे दिला. मैत्रेयीने सरोजिनीबाईंच्या हातांची चौकशी केली, आणि शेवटी, हळू आवाजात, शर्ट सापडला का ते विचारले.

"शोधतोय," ते म्हणाले.

त्यानंतर तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिले. अनीशला अठरा पूर्ण व्हायला अकरा वर्षे आहेत आणि शामकांतराव एकाहत्तर वर्षांचे आहेत. बन्सीच्या दुकानावरून जायचे त्यांनी सोडले आहे, भाजीला ते मागच्या गल्लीने जातात. शिलाईपैकी तीनशे रुपये दिले. दीडशे द्यायचे आहेत.