ताईच्या गावातलं वादळ

माझी थोरली बहीण अमेरिकेत, डोंगरातल्या एका तळ्याकाठच्या गावात राहायची. गेल्या हिवाळ्यात तिचा आजार बळावला, तेव्हा मी सिंगापूरहून जायचं तिकीट काढलं. तिथल्या क्लेमेंटी भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून बॅगेत स्वेटर भरत होते, तेवढ्यात फोनवर तिच्या गावच्या हवामानाचा अंदाज दिसला. तीन दिवस बर्फाचं वादळ, घाटरस्ता बंद होण्याची शक्यता.

मी ताईला फोन केला. तिचा आवाज खोल गेला होता.

"अगं, वाटेतच अडकून पडशील. वादळ सरू दे, मग ये. मी कुठे जातेय?"

मी तिचं ऐकलं आणि तिकीट पुढे ढकललं. वादळ अंदाजापेक्षा अर्धा दिवस उशिरा आलं. ठरल्या विमानाने निघाले असते, तर वेळेत पोचले असते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी, बर्फ पडत असतानाच, ताई गेली.

मी पोचले तेव्हा लख्ख ऊन होतं. भावोजी फावड्याने दारासमोरचा बर्फ ओढत होते.

"तू येशील म्हणून वाट मोकळी ठेवायला सांगत होती," ते म्हणाले.

मी दुसरं फावडं उचललं आणि त्यांच्या शेजारी बर्फ उपसू लागले.