शेजारणीची केळ

नांदेडात घर बांधल्यावर मागच्या अंगणाचा नकाशा मी स्वतः काढला. लॉन, गोल वाफे, मधून फरशीची वाट. न्हाणीचं साबणाचं पाणी लॉनमध्ये साचू नये म्हणून पाईप भिंतीखालून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटात काढून दिला.

पुढे त्या प्लॉटवर एका मावशींनी घर बांधलं आणि माहेराहून, अर्धापूरहून, केळीचा एक कंद आणून लावला. नकाशा नाही, वाफा नाही. मे महिन्यात टँकरचं पाणी पिऊनही माझं लॉन पिवळं पडलं आणि त्यांची केळ घड घेऊन भिंतीवरून डोकावायला लागली. रोज सकाळी दात घासता घासता मी तिच्या फण्या मोजायचो. एखाद्या वावटळीत मोडली तर बरं, असंही वाटून गेलं.

शेवटी राहवलं नाही. "मावशी, केळीला घालता तरी काय?"

"काईच न्हाई बापा. तुमच्या न्हाणीचं पाणी येतंय की भिंतीखालून. तिथंच लावली." असं म्हणून त्यांनी पिकलेली एक फणी माझ्या हातात ठेवली.

घरी येऊन एक केळं खाल्लं. फार गोड होतं. म्हणून दुसरं खाल्लं नाही.